सूर्याचे वेगवान कण पृथ्वीपर्यंत कोणत्या वाटेने येतात?

अलिबागहून आलेल्या या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. मे २०२४ मध्ये सूर्यावरच्या १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहावर एकामागून एक स्फोट झाले. समूह बिंबाच्या मध्याजवळ होता तेव्हाच्या स्फोटांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. तो पश्चिमेकडे सरकल्यावर, ११ मेला, थेट जमिनीवरच्या उपकरणांत नोंद व्हावी इतके जोरकस कण आले. २० मेला तो सूर्याच्या पाठीमागे होता, तेव्हा मंगळावर कणांचा मारा झाला. मग प्रश्न असे: समोरच्या स्फोटापेक्षा कडेकडच्या स्फोटाचे कण आपल्याकडे जास्त का येतात? पाठीमागच्या स्फोटाचे कण पृथ्वीजवळ पोचू शकतात का? आणि किनाऱ्यावरच्या होडीतल्या जीपीएसला यातले काय बाधते?

पहिल्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. भारित कण सूर्यापासून नाकासमोर येत नाहीत, चुंबकीय क्षेत्ररेषेला धरून येतात; ती रेषा वळलेली असते आणि पृथ्वीला येऊन भिडणाऱ्या रेषेचे मूळ सूर्यबिंबाच्या पश्चिम अर्धात असते. पण एवढ्यावर थांबलो तर उरलेल्या दोन प्रश्नांचा उलगडा होत नाही, आणि ११ मेचाही पूर्ण होत नाही. म्हणून सविस्तर.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू या, कारण बातम्यांत त्या ‘सौरवादळ’ या एकाच शब्दात कोंबलेल्या असतात. पहिली म्हणजे सौरज्वालेचा प्रकाश आणि क्ष-किरण. हे सरळ रेषेत येतात आणि १५ कोटी किलोमीटर अंतर ८ मिनिटे २० सेकंदांत कापतात. तिसरी म्हणजे सीएमई, सूर्याच्या प्रभामंडलातून सुटलेला चुंबकीय वायूचा प्रचंड ढग. तो एक ते तीन-चार दिवसांनी येतो आणि आपल्या दिशेने सुटला असेल तरच आदळतो. या दोघांच्या मधली गोष्ट म्हणजे आपला विषय, वेगवान कण: बहुतांश प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, थोडे हेलियम, त्याहून थोडे लोहापर्यंतचे जड आयन. त्यांची ऊर्जा काही दहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपासून क्वचित काही गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांच्या ऊर्जेचे एकक; किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे अब्ज). पुढे मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टसाठी एमईव्ही असे लिहितो.

आता वाट. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत सुटणारा भारित वायू, सरळ बाहेर वाहतो, साधारण सेकंदाला ४०० किमी. पण सूर्य स्वतःभोवती फिरतो. पृथ्वीवरून पाहता एक फेरी सुमारे २७ दिवसांची. नारळी-पोफळीच्या वाडीत फिरता तुषार लावलेला असेल तर तो नीट बघा. प्रत्येक थेंब तोटीतून सुटला की सरळ बाहेर जातो, तरी एकाच तोटीतून निघालेले सगळे थेंब एका क्षणी जोडले तर वळलेली धार दिसते. सौरवाऱ्यात गोठलेली क्षेत्ररेषा म्हणजे ती धार. यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये हे गणित मांडले, म्हणून तिला पार्कर सर्पिल म्हणतात. फरक एवढाच की वेगवान कण थेंबासारखा सरळ जात नाही, तो त्या वळलेल्या धारेवरून धावतो. पृथ्वीजवळ ही रेषा सूर्य-पृथ्वी रेषेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करते. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत तिची लांबी १ खगोलीय एककाऐवजी (एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी सरासरी अंतर) १.१५ ते १.२ एकक भरते.

रेषेचे मूळ कुठे आहे हे काढायला मोठे गणित लागत नाही. २३,२०० या आकड्याला सौरवाऱ्याच्या सेकंदाला किलोमीटरमधल्या वेगाने भागा. येईल तो कोन अंशांत, बिंबाच्या मध्यापासून पश्चिमेकडे मोजायचा. वारा ४०० असेल तर ५८ अंश, ३०० असेल तर ७७, ६०० असेल तर ३९. (सूर्याच्या नेहमीच्या चित्रांत उत्तर वर असते आणि पश्चिम उजवीकडे.) वेग कोणता घ्यायचा, तर कण येण्याच्या लगेच आधीच्या काही तासांचा, एल-१ बिंदूवरच्या (पृथ्वीपासून सूर्याकडे १५ लाख किमीवरच्या) यानाने मोजलेला सरासरी वेग. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे डोळे झाकून ४०० धरणे. वाऱ्याचा वेग दुप्पट-निम्मा होत असतो आणि तेवढ्याने मूळ तीस-चाळीस अंश सरकते. शिवाय सूर्याच्या केंद्रापासून अडीच त्रिज्यांच्या आत क्षेत्ररेषा सरळ बाहेर जातच नाहीत, त्या आडव्या पसरतात; तेव्हा या हिशेबात दहा-पंधरा अंशांची ढिलाई धरूनच चाला.

११ मेच्या सकाळी भारतीय वेळेनुसार ६ वाजून ५३ मिनिटांनी एक्स ५.८ तीव्रतेची ज्वाला (एक्स हा ज्वालांचा सर्वांत तीव्र वर्ग) शिगेला पोचली. डागसमूह तेव्हा मध्यापासून साधारण ४५ अंश पश्चिमेला होता. तासाभरात ध्रुवीय भागांतल्या न्यूट्रॉन मॉनिटरांनी (कण हवेवर आदळून सुटणारे न्यूट्रॉन जमिनीवर मोजणारी उपकरणे) वाढ नोंदली. अशा ‘भूपातळी वाढी’ची नोंद १९४२ पासून ठेवली जाते आणि त्या यादीत ही ७४वी. कोन पाहून ‘जोडणी उत्तम होती’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण इथे सावध राहायला हवे. त्या वेळी पृथ्वी आधीच्या सीएमईंच्या पोटात होती. आदल्या रात्री १०.३५च्या सुमारास त्यांच्या पुढची धक्का-लाट (वेगवान ढगापुढे दाबल्या गेलेल्या वायूची लाट) येऊन गेली होती आणि वारा ७०० किमीच्या वर गेला होता. सूत्र ३३ अंशांच्याही आतला आकडा देते, पण सीएमईच्या आत सर्पिल उरतच नाही. तिथल्या रेषा पिळलेल्या दोरासारख्या असतात, कधी दोन्ही टोके सूर्यातच रुतलेली असतात आणि वाटेची लांबी १.२ एककांपेक्षा बरीच वाढते. सीएमईच्या आत असताना सर्पिलाचे सूत्र वापरून काढलेला निष्कर्ष मी तरी ग्राह्य धरणार नाही.

वाट कळली. आता वाटेवरचा प्रवासी जवळून पाहू.

पृथ्वीजवळ क्षेत्राची तीव्रता सुमारे ५ नॅनोटेस्ला असते. तिथे १० एमईव्हीचा प्रोटॉन रेषेभोवती फार तर ९१,००० किमी त्रिज्येचा फेरा घेतो, १०० एमईव्हीचा ३ लाख किमीचा, तर १ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा ११ लाख किमीचा. आकडे मोठे वाटतात, पण शेवटचा आकडासुद्धा सूर्य-पृथ्वी अंतराच्या एक टक्क्याहून कमी आहे. म्हणूनच कण रेषेला ‘बांधलेला’ असतो. तो किती फिरतो आणि किती पुढे सरकतो हे रेषेशी असलेल्या त्याच्या कोनावर ठरते. सूर्याजवळ क्षेत्र प्रबळ असते आणि बाहेर जाताना झपाट्याने विरळ होते. या विरळ होण्यामुळे कणाचा आडवा फेरा आपोआप पुढच्या गतीत बदलतो. दहा सौरत्रिज्यांवर कण रेषेशी जवळजवळ काटकोनात फिरत असला तरी वाटेत काहीच अडथळा नसेल तर पृथ्वीपाशी पोचेतो त्याचा कोन ३-४ अंशांवर येतो. म्हणजे सगळे कण टॉर्चच्या झोतासारखे एका दिशेने यायला हवेत.

तसा झोत क्वचितच दिसतो. बहुतेक वेळा कण अर्ध्या आकाशातून, आणि काही तासांनी तर सगळ्याच दिशांनी येतात. कारण रेषा गुळगुळीत नसते. सौरवाऱ्यात लहान-मोठ्या चुंबकीय लहरी असतात आणि ज्या लहरीची लांबी कणाच्या एका फेऱ्यातल्या पुढच्या सरकण्याशी जुळते ती त्याचा कोन बदलते. हिशेब करून पाहा: १० एमईव्हीच्या प्रोटॉनचा फेरा ९१,००० किमी त्रिज्येचा, त्याला २π ने गुणले की ५ लाख ७० हजार किमी. वारा ४०० किमी वेगाने ही लहर यानावरून वाहून नेतो, त्याला सुमारे २४ मिनिटे लागतात. म्हणजे चुंबकमापकाच्या आलेखात पाव ते अर्ध्या तासाची जी थरथर दिसते, तीच या प्रोटॉनांना विखुरते. मिनिटाभराची थरथर त्यांना फारशी जाणवत नाही. ती कमी ऊर्जेच्या कणांच्या वाट्याची. कणांचा आलेख पाहताना शेजारी चुंबकीय क्षेत्राचा आलेख ठेवायचा तो यासाठी.

विखुरण्याचे माप म्हणजे सरासरी मुक्त पथ, कणाला आपली मूळ दिशा विसरायला लागणारे अंतर. ते साधारण ०.०८ ते ०.३ एकक धरतात, पण हा पट्टा प्रत्येक घटनेला लागू पडत नाही. शांत वाऱ्यात ते १ एककापर्यंतही जाते. ०.२ धरले तर १.२ एककांच्या वाटेवर कण पाच-सहा वेळा दिशा विसरतो. म्हणून १० एमईव्हीचे पहिले प्रोटॉन तासाभरात दिसले तरी शिखर काही तासांनी येते आणि ओसरायला दिवस लागतो. कण फारच दाट असतील तर आणखी एक गोष्ट घडते: पुढे धावणारे प्रोटॉन स्वतःच लहरी वाढवतात आणि मागून येणाऱ्यांची वाट अडवतात. त्यामुळे धक्का-लाट दूर असेतो पृथ्वीजवळच्या प्रवाहाला एक छत पडते. लाट प्रत्यक्ष येऊन पोचली की अडलेला साठा एकदम अंगावर येतो. स्फोटानंतर दोन दिवसांनी अचानक दुसरे, पहिल्याहून उंच शिखर दिसते ते बहुधा हेच.

आता वेळेचा हिशेब, कारण घरी बसून पडताळता येईल असा भाग हाच. दक्षिण महासागरात दूर कुठे वादळ झाले की कोकण किनाऱ्यावर आधी लांब पल्ल्याची, सावकाश लाट येते आणि नंतर आखूड लाटा. लांब लाटा जलद धावतात म्हणून. किती वेळाच्या फरकाने आल्या यावरून वादळ किती दूर होते ते काढता येते. कणांचेही तसेच. १.२ एककांच्या वाटेला १ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनला साडेअकरा मिनिटे लागतात, १०० एमईव्हीला २३, ३० एमईव्हीला ४० आणि १० एमईव्हीला ६९ मिनिटे. १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन १८ मिनिटांत येतो, म्हणून पुष्कळ वेळा पहिली वर्दी इलेक्ट्रॉनच देतात.

पद्धत अशी. प्रत्येक ऊर्जा-पट्ट्यात प्रवाह पार्श्वभूमीच्या वर केव्हा चढला ती वेळ काढा. त्यासाठी घटनेआधीच्या दोन-तीन तासांची सरासरी घ्या आणि तिच्या प्रमाण विचलनाच्या (मोजणीतल्या नेहमीच्या चढउताराच्या मापाच्या) तिप्पट वर सलग काही बिंदू गेले तरच ‘आले’ म्हणा. मग आडव्या अक्षावर प्रकाशाचा वेग भागिले कणाचा वेग (१० एमईव्हीसाठी ६.९, ३० साठी ४.०५, १०० साठी २.३४), उभ्या अक्षावर आगमनाची वेळ. बिंदू सरळ रेषेत बसले तर तिचा चढ वाटेची लांबी सांगतो: ८.३ मिनिटांचा चढ म्हणजे १ एकक, १० मिनिटांचा म्हणजे १.२. रेषा डावीकडे शून्यापर्यंत लांबवली की कण सूर्यावरून सुटल्याची वेळ मिळते. ती ज्वालेच्या वेळेशी ताडताना ८.३ मिनिटे मिळवायला विसरू नका, कारण ज्वालेची वेळ आपण प्रकाश इथे पोचल्यावर लिहिलेली असते. सुटका ज्वालेनंतर दहा-वीस मिनिटांनी निघाली तर घाबरू नका. धक्का-लाट तयार व्हायला आणि आपल्या रेषेच्या मुळापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो.

चढ १ एककापेक्षा कमी आला तर ते भौतिकशास्त्र नाही, चूक आहे. सर्पिलापेक्षा आखूड वाट नसते. बहुतेक वेळा दोष रुंद ऊर्जा-पट्ट्याचा असतो: १० ते ३० एमईव्हीच्या पट्ट्यात आधी ३० वाले येतात, आणि आपण मात्र सरासरी २० धरून वेग काढलेला असतो. चढ ३-४ एकके आला तर शक्यता तीन: पहिले कण पार्श्वभूमीत बुडाले आणि दिसले तोवर विखुरलेले होते, किंवा मंद कणांची सुटकाच उशिरा झाली, किंवा खरोखर सीएमईच्या आतली लांब वाट आहे. आदल्या घटनेचे कण अजून रेंगाळत असतील तर पार्श्वभूमी आधीच वर असते आणि हा सगळा खटाटोप डळमळतो. मे २०२४ मध्ये नेमके तेच झाले होते.

सगळ्या पट्ट्यांत एकाच मिनिटाला उडी दिसली तर अर्थ दोनच. एक, १०० एमईव्हीच्या वरचे प्रोटॉन उपकरणाची भिंत भेदून कमी ऊर्जेच्या पट्ट्यांत खोटी मोजणी करत आहेत. मग आधी उडी मारलेली ‘कमी ऊर्जा’ तासाभराने पुन्हा चढताना दिसेल, तीच खरी. दोन, कणांनी आधीच भरलेल्या चुंबकीय नळीत यान शिरले आहे. मग त्याच क्षणी क्षेत्राची दिशाही झटकन बदललेली असेल. इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्यांवरही विश्वास ठेवताना शेजारचा आयनांचा आलेख बघा. दोन्ही एकाच आकाराचे निघाले तर इलेक्ट्रॉन नव्हेत, आयन घुसलेले आहेत.

दिशांची नोंद मिळत असेल तर सोडू नका. आदित्य-एल१ यानावरच्या अस्पेक्स उपकरणाचा स्टेप्स हा भाग, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने बनवलेला, नेमका यासाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या सहा शोधकांचा आहे. सूर्याकडून क्षेत्ररेषेच्या दिशेने येणारे आणि उलट परतणारे यांच्यातला फरक किती तास टिकतो ते पाहायचे. दोन-तीन तासांत फरक मावळला तर वाट खडबडीत आहे. दिवसभर टिकला तर एक तर वाट गुळगुळीत, नाही तर सूर्याकडून पुरवठा अजून चालू आहे.

हा पुरवठा कुठून होतो त्यावरही पुष्कळ अवलंबून आहे. ज्वालेच्या जागी झटक्यात वेग घेतलेले कण अरुंद पट्टीत सुटतात, तासाभरात-काही तासांत संपतात, त्यांत इलेक्ट्रॉन जास्त आणि हेलियम-३ तर सौरवाऱ्यातल्या प्रमाणाच्या हजारपटही असतो. मोठ्या, दिवसेंदिवस टिकणाऱ्या घटना मात्र वेगवान सीएमईच्या पुढच्या धक्का-लाटेतून येतात, आणि ती लाट स्वतःच शंभर-दीडशे अंश रुंद असू शकते. म्हणून ज्वालेच्या आकड्यावरून कणांचा अंदाज बांधू नका. ४ नोव्हेंबर २००३ ची ज्वाला एक्स २८, उपग्रहयुगातली सर्वांत मोठी, पश्चिम कडेजवळच. तरी जमिनीवर तिची वाढ दिसली नाही. त्याच्या आठवडाभर आधी, २८ ऑक्टोबरला, मध्याच्या किंचित पूर्वेला झालेल्या स्फोटाची दिसली.

धक्का-लाट धरली की आलेखाचा आकारही समजतो. स्फोट पश्चिमेला असेल तर आपली रेषा सुरुवातीलाच लाटेच्या माथ्याला जोडलेली असते: चढ उभा, उतार लांब. मध्याजवळ असेल तर सुरुवातीला मध्यम चढ, मग पठार, आणि लाट आदळताना दुसरे शिखर. पूर्वेला असेल तर आपली रेषा लाटेच्या दूरच्या, दुबळ्या बगलेला टेकलेली असते. कण सावकाश वाढतात आणि लाट निघून गेल्यावर, आपण तिच्या माथ्याला मागून जोडले गेल्यावर, शिखर येते.

आता दुसरा प्रश्न: जिथे रेषा जोडलेलीच नाही तिथे कण कसे पोचतात? ३ नोव्हेंबर २०११ रोजी सूर्य पाहणाऱ्या स्टिरिओ मोहिमेची दोन्ही याने पृथ्वीपासून शंभर-शंभर अंशांवर, एक पुढे, एक मागे होती, आणि पृथ्वीजवळच्या यानांसकट तिन्ही ठिकाणी एकाच घटनेचे कण आले. सूर्याचा पूर्ण घेर व्यापला गेला. यामागे एकच कारण शोधणे मला पटत नाही. निदान चार एकत्र काम करतात. लाटेची रुंदी हे पहिले. दुसरे, सूर्याजवळच्या आडव्या पसरणाऱ्या क्षेत्ररेषा. तिसरे, रेषांचे भरकटणे: सूर्याच्या पृष्ठभागावरच्या घुसळणीने रेषांची मुळे सतत हलत असतात, त्यामुळे त्या काथ्याच्या दोरातल्या तंतूंसारख्या होतात. सुंभ सरळ दिसतो, पण त्यातला एकेक तंतू या बाजूने शिरून त्या बाजूने निघतो; त्याला धरून जाणारा कण दोराची दिशा न सोडताही शेजारी पोचतो. चौथे, विखुरताना कणाने खरोखरच एक रेषा सोडून दुसरी धरणे. हे आडवे पसरणे रेषेच्या दिशेतल्या पसरण्याच्या साधारण शतांश ते दशांश असते. कमी वाटते, पण दिवसभराचा अवधी मिळाला की पुरते. भरीला, वळलेल्या क्षेत्रात जड आणि अतिवेगवान कण थोडे वाहवतही जातात.

व्यवहारासाठी एक ढोबळ नियम वापरतात: रेषेच्या मुळापासून स्फोट जितका दूर तितके शिखर घंटाकृती वक्राने उतरते, आणि त्या वक्राचे प्रमाण विचलन ४० अंशांच्या आसपास. स्फोट मुळापासून ४० अंश दूर असेल तर शिखर साठ टक्क्यांवर येते, ८० अंशांवर तेरा-चौदा टक्क्यांवर. स्फोट पूर्वेला ४० अंशांवर आणि मूळ पश्चिमेला ५८ वर, म्हणजे अंतर ९८: शिखर पाच टक्के उरते. पाच टक्के म्हणजे नगण्य नव्हे. कणांचा प्रवाह घटनेगणिक दसपट-हजारपट बदलतो. १० एमईव्हीच्या वरच्या प्रोटॉनांसाठी, दर चौरस सेंटीमीटर, दर सेकंद, दर घनकोनी एककाला १० कण ही इशाऱ्याची पहिली पायरी आहे आणि १ लाख ही पाचवी. तेव्हा मोठ्या स्फोटाचे पाच टक्केही सहज इशारा वाजवतात.

ओसरण्याच्या काळात आणखी एक गोष्ट दिसते, जिने अनेकांची फसगत होते. एकमेकांपासून खूप दूरची याने एकच पातळी दाखवू लागतात आणि ती सगळीकडे सारख्या गतीने उतरते. खाजणाच्या बांधाची उघाडी बंद झाल्यावर आत अडलेले भरतीचे पाणी जसे सगळीकडे एकपातळीत येते आणि झिरपत हळूहळू उतरते, तसे सीएमईच्या मागे आणि बाहेरच्या क्षेत्राच्या कुंपणात कण कोंडले जातात. त्या काळातल्या पातळीवरून स्फोटाची दिशा शोधू नका. ती माहिती पहिल्या काही तासांतच असते.

मंगळाचे २० मेचे प्रकरण आता स्वतः सोडवून पाहता येईल. सूर्य पृथ्वीवरून पाहता रोज सुमारे १३.२ अंश फिरतो. ११ मेला ४५ अंश पश्चिमेला असलेला समूह नऊ दिवसांनी १६५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ पाठीमागे. त्या दिवसांत मंगळ पृथ्वीपेक्षा साधारण १०५ अंश पुढे आणि सूर्यापासून सुमारे २१ कोटी किमीवर होता. तेव्हा मंगळाच्या दृष्टीने तो समूह ६० अंश पश्चिमेला. मंगळ लांब असल्याने त्याच्या रेषेचे मूळ वाऱ्याच्या वेगानुसार ६५ ते ८० अंशांवर पडते. फरक पाच-वीस अंशांचा, म्हणजे जोडणी चांगली. ज्वाला एक्स १२ असावी असा अंदाज सोलर ऑर्बिटर या यानाच्या नोंदीवरून केला गेला. मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीने किरणोत्साराची ८,१०० मायक्रोग्रे मात्रा नोंदली, उतरल्यापासूनची सर्वांत मोठी. तिच्या कॅमेऱ्यात पांढरे ठिपके-रेघा उमटल्या आणि वर फिरणाऱ्या ओडिसी यानाचा तारे ओळखणारा कॅमेरा जवळजवळ तासभर निकामी झाला.

राहिला किनारा. कोकणात या कणांपासून जमिनीवर काहीच भय नाही. चुंबकीय विषुववृत्ताच्या इतक्या जवळ खाली उतरायला प्रोटॉनला सुमारे १५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. ११ मेचे कण त्याच्या जवळपासही नव्हते. उपग्रहांच्या स्मृतीतला एखादा बिट ते उलटवू शकतात, ध्रुवांवरून जाणाऱ्या विमानांचा मार्ग बदलावा लागतो, पण होडीतल्या जीपीएसचा आकडा उडतो तो यांच्यामुळे नव्हे. तो उडतो आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या भारित थरातल्या घडामोडींनी: चुंबकीय वादळाने, आणि सौरचक्र जोरात असलेल्या वर्षांत मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत उठणाऱ्या आयनांबरी बुडबुड्यांनी. एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या साध्या यंत्रात तेव्हा जागा काही मीटरांपासून दहा-वीस मीटरांपर्यंत हलू शकते, उपग्रह गळू शकतात. अशा रात्री खाडीच्या तोंडाशी, खडपांजवळ, पडद्यावरच्या रेघेपेक्षा खोली मापक आणि किनाऱ्यावरच्या जुळवलेल्या खुणा यांच्यावर भिस्त ठेवावी.

अलिबागला राहणाऱ्याने मात्र एक गोष्ट आवर्जून पाहावी. तिथली चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून आहे. मुंबईत ट्राम विजेवर चालणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून ती तिथे हलवली. त्याच कुलाब्याच्या नोंदीत सप्टेंबर १८५९ च्या वादळाची सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण सापडते. १०-११ मे २०२४ चा क्षैतिज घटकाचा (चुंबकीय क्षेत्राच्या जमिनीला समांतर भागाचा) आलेख मिळाला तर रात्री साडेदहानंतरची उडी आणि मागोमागची खोल घसरण दिसेल, ती सीएमईची. सकाळी सातनंतर, कण जगभरच्या उपकरणांत चढत असताना, त्या आलेखावर कणांची म्हणून वेगळी खूण शोधायला जाऊ नका. चुंबकमापक पृथ्वीभोवतीचे विद्युतप्रवाह मोजतो, आणि या कणांची संख्या त्या प्रवाहांपुढे इतकी थोडी असते की त्याला ते जाणवतच नाहीत.